रविवार उजाडतो, पुस्तक हातात नसतं: साप्ताहिक परीक्षण पुन्हा पुन्हा अडतं त्याचं कारण आणि इलाज

दर रविवारी एका नव्या मराठी पुस्तकावर लिहायचं, असं मी काही वर्षांपूर्वी ठरवलं. सुरुवातीची दोन वर्षं दर चार-पाच आठवड्यांनी गाडी एकाच ठिकाणी अडायची. शनिवारची रात्र, जेवणं झालेली, टेबलावर तीन पुस्तकं. एक १४० पानांपर्यंत वाचलेलं, पुढची २०० पानं बाकी. दुसरा कवितासंग्रह, संध्याकाळी घाईघाईने उघडलेला. तिसऱ्यावर सगळ्यांचं लिहून झालेलं. आणि ज्या पुस्तकाची महिनाभर वाट बघत होते, ते अजून सांगलीत पोचलेलंच नाही.

तुम्ही वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहीत असाल, वाचनालयाच्या कट्ट्यावर दर आठवड्याला एका पुस्तकाची ओळख करून देत असाल, किंवा माझ्यासारखं नोकरी सांभाळून हौसेने लिहीत असाल, तर हा अनुभव तुम्हाला नवा नसेल. मी त्यावर बरेच उपाय करून पाहिले. काही फुकट गेले, काही लागू पडले. दोन्ही सांगते.

आधी चुकीचं निदान

मला वाटायचं, वाचन कमी पडतंय. म्हणून पहाटे उठून वाचायला लागले, बँकेत जाता-येता बसमध्ये वाचायला लागले. तरीही रविवार चुकत राहिले. मग तीन महिने एका वहीत नोंद ठेवली. कोणत्या रविवारी अडलं आणि नेमकं कशाने अडलं, एवढंच लिहायचं. पाच रविवार चुकले होते. त्यातला एकच वाचन पुरं न झाल्यामुळे. बाकी चार वेळा पुस्तक हातातच उशिरा आलं होतं, किंवा ते येणार आहे हेच मला प्रकाशन समारंभाची बातमी वाचून कळलं होतं.

म्हणजे दुखणं डोळ्यांचं नव्हतं, बातमीचं होतं. त्याचं मूळ मराठी प्रकाशनाच्या रीतीत आहे. इंग्रजीतले मोठे प्रकाशक पुस्तकाची तारीख काही महिने आधी जाहीर करतात आणि परीक्षकांना आगाऊ प्रती धाडतात. आपल्याकडे तारीख ठरते ती अगदी शेवटी. बांधणी होऊन गठ्ठे हाती यायला हवेत, सभागृह मिळायला हवं, प्रमुख पाहुण्यांची वेळ जुळायला हवी. हे सगळं जमलं की आठवडाभर आधी निमंत्रणपत्रिका निघते. ती पत्रिका हीच आपली पहिली बातमी असेल, तर आपण कायम मागेच राहणार.

म्हणून मी पत्रिकेची वाट पाहणं सोडलं. पुस्तक जिथून निघतं तिथे जाऊन बसायचं ठरवलं.

पुस्तक जन्माला येतं तिथे

ललितेतर पुस्तकांचा माग काढायला वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि साप्ताहिकांइतकी चांगली जागा नाही. आपल्याकडे बहुतेक सदरं जानेवारीत सुरू होतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निरोपाचा लेख येतो. त्यातल्या गाजलेल्या सदरांचं पुढच्या वर्ष-दीड वर्षात पुस्तक होतं. मी डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत हे निरोपाचे लेख मुद्दाम वाचते. पुस्तकाचं काम सुरू असेल, तर लेखक बहुधा तिथेच सांगून टाकतो. गेल्या तीन वर्षांत मला सगळ्यात आधी कळलेली पुस्तकं याच वाटेने कळली. ‘साधना’सारख्या साप्ताहिकातल्या लेखमालांनाही हेच लागू आहे.

कादंबरी आणि कथेसाठी दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लेखक आपलं ताजं लिखाण आधी दिवाळीला देत आलेत. अंक चाळताना मी फक्त एक ओळ शोधते, कथेच्या शेवटी किंवा सुरुवातीला तिरप्या ठशात असलेली: ‘आगामी कादंबरीतील एक प्रकरण’. ती दिसली की वहीत लेखकाचं नाव, अंकाचं नाव आणि वर्ष टिपते. त्या कादंबरीला यायला सहा महिने लागतील, कधी दोन वर्षंही लागतील. पण ती आली की मला शोधत बसावं लागत नाही. शिवाय प्रकरण आधी वाचलेलं असल्यामुळे लेखकाने नंतर काय बदललं, कुठली ओळ काढली, हे परीक्षणात सांगता येतं. माझ्या मते हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोठा लाभ आहे.

अनुवादांचा माग वेगळा. शेजारच्या भाषेतल्या पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला की हक्कांची बोलणी सुरू होतात. अनुवादकांशी ओळख असेल तर विचारा. त्याहून जास्त मला यात जमलेलं नाही.

प्रकाशनपूर्व सवलतीचं पत्रक वाचायचं कसं

पुस्तक छपाईच्या जवळ आल्याची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे प्रकाशनपूर्व सवलतीचं पत्रक. पूर्वी ते मासिकाच्या अंकात घातलेलं मिळायचं, आता फोनवर चित्र येतं. मजकूर मात्र तोच: मुखपृष्ठ, पृष्ठसंख्या, मूळ किंमत, सवलतीची किंमत, टपालखर्च, आणि खाली ‘सवलत अमुक तारखेपर्यंत’.

यात दोन गोष्टी नीट बघा. पहिली पृष्ठसंख्या. तिथे ‘पृष्ठे २७२’ असा नेमका आकडा असेल, तर पानं लागून झाली आहेत असं समजावं. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात आणि २७२ म्हणजे बरोबर सतरा फर्मे. ‘सुमारे ३००’ असं लिहिलं असेल, तर मजकूर अजून प्रुफांत, म्हणजे चुका तपासण्याच्या टप्प्यात आहे, कदाचित लेखकाच्याच टेबलावर आहे. अशा पुस्तकासाठी मी रविवार राखून ठेवत नाही.

दुसरी गोष्ट खालची तारीख. ती सवलत संपण्याची तारीख असते, पुस्तक येण्याची नव्हे. हे मला महागात पडून कळलं. एका प्रकाशनाच्या पत्रकावर जूनअखेरची तारीख होती. मी जुलैचा पहिला रविवार त्या चरित्रासाठी मोकळा ठेवला, पैसेही भरले. जुलै गेला, गणपती गेले, पुस्तक दसऱ्यानंतर आलं. त्या पहिल्या रविवारी माझ्याकडे लिहायला काही नव्हतं, आणि पुस्तक आलं तेव्हा मनातली उत्सुकता विरून गेली होती. चरित्र फार मनापासून लिहिलेलं होतं. त्याला माझ्याकडून न्याय मिळाला नाही, ही बोच अजून आहे.

त्यानंतर मी प्रश्नच बदलला. आमच्या गावातल्या पुस्तकांच्या दुकानात मी पूर्वी विचारायचे, “काका, ते कधी येणार?” उत्तर ठरलेलं, “लवकरच येतंय ताई.” आता विचारते, “काका, ते कुठवर आलंय?” हा प्रश्न ते प्रकाशकाच्या माणसाला फोनवर जसाच्या तसा विचारतात, आणि त्याला नेमकं उत्तर मिळतं. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, चालू आहे. दुसरी प्रुफं लेखकाकडे आहेत. मुखपृष्ठ व्हायचंय. छपाई झाली, बाइंडिंगला गेलंय. मी नियम केला: ‘बाइंडिंगला गेलंय’ हे शब्द कानावर पडल्याशिवाय रविवार द्यायचा नाही. त्या शब्दांनंतर बहुतेक पुस्तकं दोन-तीन आठवड्यांत हातात येतात.

मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकारांवरही लक्ष ठेवा. चित्र पुरं झालं की ते आनंदाने सगळ्यांना दाखवतात, आणि ते प्रकाशकाच्या घोषणेच्या आधी असतं.

जे उपाय फुकट गेले

एकाने सुचवलं होतं की ग्रंथालयांच्या जमा-नोंदी बघ. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या एकेका ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते. वाङ्मयाच्या इतिहासकाराला त्या नोंदी मोलाच्या आहेत. आगामी पुस्तकांसाठी उपयोग नाही, कारण तोवर महिना उलटलेला असतो.

मासिकांतली आणि पुरवण्यांतली ‘साभार पोच’ची, म्हणजे त्यांच्याकडे आलेल्या पुस्तकांची यादी हीसुद्धा उशिराची बातमी. पण ती मी सोडत नाही. मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकांची बातमी कुठून ना कुठून कळते. लातूरहून, गडचिरोलीहून, फोंड्याहून कुणी पदरचे पैसे घालून छापलेलं पुस्तक मात्र मला या यादीखेरीज दुसरीकडे क्वचितच दिसतं. ‘ललित’ मासिक आणि प्रकाशनसंस्थांची स्वतःची गृहमासिकं मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका बैठकीत बघून घेते.

नवं वाटणारं जुनं

ही चूक मी एकदा केली आणि एका जाणत्या वाचकाने फोन करून सांगितली. नवं मुखपृष्ठ, नवा कागद, नवी किंमत, आणि मी त्या व्यक्तिचित्रांच्या संग्रहावर नवं पुस्तक म्हणून लिहिलं. ते वीस वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हापासून पुस्तक हातात आलं की मी आधी श्रेयपान उघडते. ‘प्रथमावृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ यांतलं काय लिहिलंय आणि वर्ष कोणतं, ते बघते. पुनर्मुद्रणाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, तोच राहतो. मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली किंवा प्रकाशक बदलला, तर क्रमांक नवा येतो. म्हणून केवळ क्रमांक नवा आहे एवढ्यावर पुस्तक नवं ठरत नाही. अनुवाद असेल, तर मूळ पुस्तकाचं वर्षही तिथेच मिळतं.

लेखकाच्या निधनाला ६० वर्षं झाली की पुढच्या १ जानेवारीपासून त्याचं लेखन हक्कमुक्त होतं. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११पासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापता येतात. अशा पुस्तकांच्या कितीतरी नव्याकोऱ्या आवृत्त्या दुकानात दिसतात. त्यांवर लिहायला हरकत नाही, आवृत्तीच्या संपादनावर तर जरूर लिहावं. पण ‘या आठवड्यातलं नवं पुस्तक’ म्हणून नव्हे.

प्रत मागायची असेल तर

संकोच करू नका, आणि लांबण लावू नका. माझं पत्र चार ओळींचं असतं:

‘स. न. वि. वि. आपल्याकडून येणाऱ्या अमुक पुस्तकाचं पत्रक पाहिलं. या लेखकाचं याआधीचं लेखन मी वाचलं आहे. पुस्तक बांधून आल्यावर परीक्षणार्थ एक प्रत मिळाल्यास तीन आठवड्यांत लिहीन. परीक्षण अनुकूलच असेल असं मात्र आधी सांगता येणार नाही. कळावे.’

शेवटून दुसरं वाक्य मी कधीच गाळत नाही. त्या वाक्यामुळे दोन-तीन ठिकाणांहून प्रत आली नाही. बाकीच्यांनी पाठवली, आणि परखड लिहिल्यावरही पुढची पुस्तकं पाठवत राहिले. छोट्या प्रकाशकाकडे किंवा स्वतः पुस्तक छापणाऱ्या लेखकाकडे मी प्रत मागतच नाही, विकत घेते. पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला एकेक प्रत जड असते.

प्रत टपालाने येणार असेल, तर दिवस हिशेबात धरा. नोंदणीकृत बुक पोस्टची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांची फार ओढाताण झाली. मे २०२५पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. क्रमांकावरून पाकीट कुठवर आलं ते बघता येतं, पण ते जमिनीवरूनच येतं, त्यामुळे वेळ लागतो. मी प्रकाशकाला सरळ विचारते, कशाने पाठवलंय? ज्ञान पोस्ट म्हणाले तर तो रविवार पुढे ढकलते. फार निकड असेल, तर एसटी पार्सल. पुण्याहून संध्याकाळी टाकलेलं पार्सल मला दुसऱ्या दिवशी स्टँडवर मिळालेलं आहे.

वर्षाचा अंदाज

पुस्तकं वर्षभर सारखी येत नाहीत. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी प्रथमावृत्ती त्या कॅलेंडर वर्षातली लागते, म्हणून डिसेंबरात श्रेयपानावर तारीख पडावी अशी घाई असते. त्यात २०२३पासून डिसेंबरातच फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. मागोमाग साहित्य संमेलन. ९८वं फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालं, ९९वं जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला. संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात नवं पुस्तक मांडता यावं म्हणून प्रकाशक जिवाचं रान करतात. मग २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, पाडवा, २३ एप्रिलचा पुस्तक दिन.

उलट दिवाळीच्या आधीचे दोन महिने छापखाने अंकांच्या कामात बुडालेले असतात आणि पुस्तकं मागे पडतात. माझे चुकलेले रविवार वहीत बघितले, तर निम्म्याहून जास्त ऑगस्ट ते ऑक्टोबरमधले निघाले. आता मी हिवाळ्यात आलेल्यांतली चार चांगली, दुर्लक्षित राहिलेली पुस्तकं वाचून, टिपणं काढून बाजूला ठेवते. ती खास त्या कोरड्या महिन्यांसाठी.

आता वाचनाबद्दल

तो एक रविवार वाचनामुळे चुकला होता, त्याचाही इलाज केला. पूर्वी मी सोमवारी नवं पुस्तक उघडायचे आणि शनिवारी लिहायला बसायचे. मध्ये घरात कुणी आजारी पडलं, बँकेत तिमाही अखेर आली की सगळं कोसळायचं. आता पुस्तकांची रांग लावते. या रविवारी ज्यावर लिहायचं ते पुस्तक मागच्या शुक्रवारी वाचून संपलेलं असतं. सध्या वाचते आहे ते पुढच्या रविवारचं. त्याच्यामागचं कपाटावर हजर असतं, आणि चौथं बाइंडिंगला गेलेलं. चारांपैकी एक जागा रिकामी झाली की त्याच दिवशी भरायची, उद्यावर टाकायची नाही.

वेग मोजून ठेवा, पण एकच आकडा धरू नका. कादंबरी मी तासाला पस्तीस-चाळीस पानं वाचते. इतिहासाचं, तळटीपा असलेलं पुस्तक वीसच्या पुढे जात नाही. प्रकाशक ‘पंधरा फर्म्यांचं आहे’ म्हणाला की २४० पानं, म्हणजे कादंबरी असेल तर सहा-सात तास आणि इतिहास असेल तर बारा. हे आधी कळलं की रविवार ठरवता येतो. जाड इतिहासग्रंथाला मी सरळ तीन आठवडे देते आणि मधे बारीक पुस्तकं घेते.

बारीक पुस्तकं म्हणजे कवितासंग्रह नव्हेत, हे मला कळकळीने सांगायचंय. ८० पानांचा संग्रह दोन तासांत वाचून होतो, म्हणून अडलेल्या रविवारी तो घाईने उरकण्याचा मोह फार होतो. मी तसं तीनदा केलं, आणि ती तिन्ही परीक्षणं आज वाचवत नाहीत. कवीने एका ओळीवर कित्येक महिने घालवलेले असतात. कवितासंग्रह माझ्याकडे आता किमान दोन आठवडे उशाशी राहतो, रोज चार-पाच कविता, त्यातली एखादी मोठ्याने. कवितांनी रविवार बुजवायचा नाही. त्यापेक्षा तो रविवार कोरा गेलेला बरा.

एवढं सगळं केल्यावर गेल्या वर्षी दोनच रविवार चुकले. एक आईच्या आजारपणात. दुसरा मी स्वतः सोडला, कारण वाचलेल्या पुस्तकाबद्दल माझं मत ठरत नव्हतं.

एक अडचण अजून सुटलेली नाही, ती तालुक्याच्या गावी छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची. त्यांचं पत्रक निघत नाही आणि ती आमच्या दुकानापर्यंत पोचत नाहीत. मागच्या महिन्यात एका मासिकाच्या ‘साभार पोच’मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षकाच्या आठवणींचं नाव दिसलं. प्रकाशक म्हणून लेखकाचंच नाव होतं. मासिकाच्या कचेरीत फोन करून त्यांचा नंबर मिळवला, पैसे पाठवले. ते म्हणाले, “टपालाला आठवडा लागंल, त्यापेक्षा गाडीत टाकतो की.” गुरुवारी संध्याकाळी सांगलीच्या स्टँडवर पार्सलच्या खिडकीतून पाकीट घेतलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं, आत सहा फर्म्यांचं पुस्तक, ९६ पानं. पहिल्या पानावर निळ्या शाईत ‘ताईंस सप्रेम’ लिहिलं होतं, आणि पाकिटात मी पाठवलेल्या पैशांतले उरलेले वीस रुपये. रांगेतली बाकीची तीन पुस्तकं मी एक-एक रविवार मागे सरकवली.